तारीख आपली, वाचणारा अमेरिकन

मंडळी, जावास्क्रिप्टची तयार फंक्शनं कुठूनतरी उचलायची आणि आपल्या पानात चिकटवायची, याला हल्लीची मुलं 'वेळ वाचवणं' म्हणतात. मी मास्तर माणूस, मी याला घोकंपट्टी म्हणतो.

तारखेचंच बघा. इंग्रजी आकड्यांत ०३/०४/२०२५ लिहा. आमच्या मोहोळात कुणीही ३ एप्रिल म्हणेल. जावास्क्रिप्ट अमेरिकन पद्धतीने ४ मार्च वाचते, आणि चूक दाखवतही नाही! १५/०८/२०२५ दिलीत तर 'इनव्हॅलिड डेट'. म्हणजे आपला स्वातंत्र्यदिनच अवैध! १९९५ साली ही भाषा घाईघाईत बनली, तारखेची व्यवस्था जावामधून उचलली. त्यामुळे दिवस एकापासून, पण महिने शून्यापासून. महिना म्हणून ८ द्या, सप्टेंबर मिळेल. २०२५-०८-१५ असं उलटं लिहिलं, तर ती ग्रिनिचची मध्यरात्र धरते. न्यूयॉर्कच्या नातवाला १४ ऑगस्ट दिसतो.

कुणी म्हणेल, एकदा लिहा, शंभरदा वापरा, यात वाईट काय? काहीच नाही. पण मग चूकही शंभरदा वापरली जाते, त्याचं काय?

आणि मराठी महिन्यांच्या याद्या हाताने कशाला लिहिता? ब्राउझरला 'एमआर-आयएन' सांगा, तो महिना आणि आकडे देवनागरीत देतो. १९५७ साली देशाने स्वीकारलेली शक दिनदर्शिकाही त्याला येते. आपण विचारतच नाही!

असो. फंक्शन खुशाल उचला, पण आधी त्याची वरच्या तारखांवर परीक्षा घ्या. नापास झालं तर वरच्या वर्गात ढकलू नका.