सड्यावरचा हत्ती दिसला का नाही?

सड्यावर क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल. बॉल कातळातल्या एखाद्या खाचेत अडकतो, आपण तो काढतो आणि परत बॉलिंगला जातो. ती खाच कशाची, हे विचारत कोण बसतं? पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी सड्यांवर अशा खाचा माणसानं हजारो वर्षांपूर्वी मुद्दाम कोरल्यात. हत्ती, मासे, माणसं, नक्षी, आणि आज कोकणात कुठेही नसलेला गेंडासुद्धा! हीच आपली कातळशिल्पं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा जरासाच लहान.

एवढा मोठा हत्ती लोकांना दिसला कसा नाही?

काही गावांत तो माहीत होता, पण ‘असतं काहीतरी’ या खात्यात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ च्या सुमारास गावोगाव फिरून, लोकांना विचारून शोध सुरू केला, आणि आकडा हजाराच्या पुढे गेला. कातळ तोच होता, डोळेही तसेच होते. नवा होता तो प्रश्न.

मानसशास्त्रात याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९९९ साली अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी काही जणांना एक व्हिडिओ दाखवला आणि त्यातले बॉलचे पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाच्या वेशातली एक व्यक्ती चालत आली, छाती बडवून निघून गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. पुढे २०१३ मध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं छोटं चित्र टाकून तो २४ रेडिओलॉजिस्टना दाखवला, तेव्हा २० जणांच्या नजरेतून ते सुटलं. ते गाठी शोधत होते, गोरिला नाही. थोडक्यात, समोर आहे ते सगळं आपण बघत नाही. जे शोधतोय, तेवढंच बघतो.

सड्यावर प्रत्येकाचे ‘पास’ वेगळे. गुराख्याचं लक्ष गवताकडे, चिरेखाणवाल्याचं चिऱ्याकडे, प्लॉट बघायला आलेल्याचं रस्त्याकडे. त्यात दुपारच्या उभ्या उन्हात उथळ खोदकामाला सावलीच पडत नाही. आणि हत्तीच्या पायाशी उभं राहिलं, तर दिसते फक्त एक रेघ.

खरी अडचण मात्र डोळ्यांपेक्षा कागदाची आहे. सातबाऱ्यावर कातळाची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी असते. एकदा जमीन खराब ठरली की तिथे बघण्यासारखं काय असणार? मग चिरेखाण, रस्ता, प्लॉटिंग, काहीही चालतं. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून बारसूचा सडा देशभर गाजला. त्याच बारसूची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली होती. त्या यादीत कोकण-गोव्यातली एकूण ९ ठिकाणं आहेत, त्यातली ७ आपल्या जिल्ह्यात. रिफायनरी हवी की नको, यावर मतं वेगळी असू शकतात. पण कुठल्याही सड्यावर प्रकल्प आखताना नकाशावर ती जागा कोरी दिसत असेल, तर निर्णय घेणाराही पासच मोजत बसलाय, असं म्हणावं लागेल.

यावर उपाय आहे, आणि तो उक्शीनं दाखवलाय. तिथल्या गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन आपला कातळावरचा हत्ती जपला. एकदा गावाला तो ‘दिसल्यावर’ त्यावरून गाडी नेणं कुणाला जमणार?

तुम्हीही करून बघा. या सुट्टीत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर गावच्या सड्यावर जा. तिरप्या उन्हात उथळ रेघेचीही सावली पडते. काही दिसलं तर त्यावर पाय देऊ नका, खडूनं गिरवू नका. फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि ग्रामपंचायतीला, अभ्यासकांना कळवा. काहीच सापडलं नाही, तरी सड्याकडे ‘पोटखराबा’ म्हणून बघण्याची सवय नक्की मोडेल.

आणि हो, बॉल खाचेत अडकला, तर या वेळी आधी खाच बघा.