पश्चात्ताप आणि परतफेड



शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण बहिणी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. फेस्ताला शिरगावहून तेल येतं, जत्रेला म्हापशाहून मोगरीची फुलं जातात. मग बहिणीच्या गावची विहीर आटली, तर तो प्रश्न आपलाही आहे.

शिरगावातले लोहखनिजाचे खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. इतकं खोल खणलं की खड्ड्यात भूजल भरतं आणि ते सतत उपसावं लागतं. त्या उपशाने आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. विहिरी आणि झरे सुकतात. गावकरी उच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या नीरी संस्थेने अभ्यास केला, तेव्हा खाणींमुळे भूजलाची हानी झाल्याचं पुढे आलं. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. डिसेंबर 2022 मध्ये शिरगावच्या खनिज पट्ट्यांचा लिलाव झाला.

ज्यांचं पोट खाणीवर आहे, त्यांची अडचण खरी आहे. पण जक्कयाची आठवण ठेवू या. प्रभू घरी आला तेव्हा त्याने नुसतं वाईट वाटून घेतलं नाही. लुबाडलेलं चौपट परत करण्याचा शब्द दिला. आपणही तेच मागावं: खणणं भूजलाच्या वरच थांबावं आणि विहिरींची मोजलेली पातळी ग्रामसभेपुढे यावी. टँकरचं पाणी ही परतफेड नव्हे. झरा पुन्हा वाहू लागेल, तेव्हाच ऋण फिटेल.

येत्या रविवारी मिस्सेत शिरगावच्या विहिरींसाठी प्रार्थना करू या.