आधी खोली, मग माइक... टॅब सगळ्यात शेवटी!

"आजचं युग हे गॅजेट्सचं युग आहे" हे वाक्य आपण प्रत्येक सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर टाकतो. पण गॅजेट नेमकं कशासाठी घ्यायचं, हा प्रश्न शेवटच्या स्लाइडवरही नसतो! सध्या आपल्याकडे बऱ्याच जणांना व्हॉइस ओव्हरचं वेड लागलंय. जाहिराती, ऑडिओबुक, डबिंग, क्लासेसचे व्हिडिओ... निलंग्यात बसून पुण्या-मुंबईचं काम करता येतं म्हटल्यावर कोणाला मोह होणार नाही? आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला टॅब घेऊ गं?"

माझं स्पष्ट मत असं आहे की हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी यायला हवा. (मी कॉन्व्हेंटवाली, मराठी लिहिताना अधूनमधून इंग्रजी शब्द येतीलच, तेवढं सांभाळून घ्या.) यादी उलटी लावली की काय होतं, हे आपल्या घरच्या हिशोबात सांगते. सोयाबीनचा सरकारी हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि त्या वर्षी बाजारात तेवढाही मिळाला नाही म्हणून किती ओरड झाली ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. ४० हजारांचा टॅब म्हणजे हमीभावानेसुद्धा ८ क्विंटलच्या वर सोयाबीन. एका एकराचं सगळं पीक त्यात जातं! एवढे पैसे घरून मागायचे तर ते कुठे लागणार आहेत, हे तरी आधी कळायला नको?

आता आपण इंजिनियर होणार, तर उत्तरही इंजिनियरसारखंच शोधू. आमच्या ईअँडटीसीला फ्रिस साहेबांचा १९४४ सालचा नॉइजचा फॉर्म्युला आहे. परीक्षेत सगळे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. त्याचं सार एवढंच, की एकामागून एक जोडलेल्या स्टेजेसमध्ये पहिल्या स्टेजचा नॉइज सगळ्यात जास्त नडतो. तिथे घाण शिरली की पुढची स्टेज कितीही महाग असू दे, सिग्नलबरोबर घाणही मोठी होऊन बाहेर पडते. आवाजाच्या कामातही तसंच आहे. इथली पहिली स्टेज म्हणजे तुमची खोली, दुसरी माइक, आणि टॅब बिचारा रांगेत शेवटी उभा. आपण मात्र सगळा पैसा त्या शेवटच्यावर ओततो!

म्हणून सुरुवात खोलीपासून. आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची होती. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचं छत. भिंत जितकी जड तितका बाहेरचा आवाज कमी आत येतो; भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल आवाज आणखी अडतो. पण हेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो लोकांच्या जिवावर उठलं. त्यानंतर सिमेंटची, हलक्या छताची घरं आली आणि ती यायलाच हवी होती. फक्त आता आवाजाचा प्रश्न आपल्याला वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. स्लॅबच्या खोलीत, फरशीवर, रिकाम्या भिंतींमध्ये टाळी वाजवून बघा. टाळी संपल्यावरही खोली बोलत राहते. हाच घुमारा रेकॉर्डिंगमध्ये शिरतो आणि नंतर कुठल्याही ॲपने तो नीट निघत नाही.

यावरचा उपाय घरातच पडलाय. गाद्या, जाड वाकळा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. तोंडासमोर आणि पाठीमागे वाकळ टांगली की घुमारा निम्म्याने तरी मरतो. काहीजण ऑनलाइन पातळ फोम मागवून भिंतीला चिकटवतात. त्याने थोडाफार घुमारा कमी होईल, पण बाहेरची रिक्षा आणि शेजारची मोटार फोमने अडत नाही. त्यासाठी वेळच निवडावी लागते, रात्री अकरानंतर किंवा पहाटे. आणि लाईट गेली तर चिडू नका, रेकॉर्डिंगला बसा! पंखा बंद, मोटार बंद, टीव्ही बंद. फक्त शेजाऱ्याचा जनरेटर सुरू होईपर्यंतच काय तो वेळ.

खोली कशी आहे हे तपासायला एक फुकटची टेस्ट सांगते. आहे त्याच मोबाइलवर दहा सेकंद गप्प बसून शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. अमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकच्या मंचाचा नियम आहे की शांततेतला नॉइज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान हवी आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या वर जाता कामा नये. आपल्याला तिथे काम करायचं नसेल तरी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. टॅबची किंमत यात कुठेच येत नाही, बघा!

दुसरी स्टेज माइकची. हजाराच्या आत-बाहेर मिळणारा, कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ हा बहुतेकांचा पहिला माइक. शिकायला उत्तम, पण तो चारही बाजूंचं ऐकतो, म्हणजे खोली चांगली नसेल तर खोलीही ऐकू येते. थोडे पैसे जमले की कंडेन्सरच्या मागे न धावता डायनॅमिक माइक बघा. कंडेन्सर नाजूक कानाचा असतो. त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, तसा गल्लीतला भाजीवालाही ऐकू येतो. डायनॅमिक माइकला जवळून बोलावं लागतं, पण लांबचं तो फारसं मनावर घेत नाही. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स या जातीच्या माइकला यूएसबी आणि एक्सएलआर अशी दोन्ही तोंडं असतात. आज मोबाइलला लावा, उद्या स्टुडिओच्या मिक्सरला लावा. तोंडापासून एक वीत किंवा थोडं कमी अंतर, आणि माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला. कारण आपल्या मराठीत फ, भ, ख, ध ही महाप्राण अक्षरं पावलोपावली आहेत. "भाकरी" म्हटलं की हवेचा झोत थेट माइकवर! त्यासाठी पॉप फिल्टर हवाच. हा खर्च टॅबच्या कव्हरएवढाही नसतो.

आणि कृपया ब्लूटूथच्या इअरबडवर रेकॉर्डिंग करू नका. त्याचा माइक चालू झाला की साधारणतः सँपलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. नायक्विस्टचा नियम लावा, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. "स"ची धार नेमकी तिथेच असते. मग "सासू" ऐकू येते की "फाफू", ते ऐकणाऱ्याने ठरवायचं! ऐकण्यासाठी साधा वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या.

आता येऊ टॅबकडे. टॅब वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. टॅबला पंखा नसतो, त्यामुळे लॅपटॉपसारखी घरघर नाही. स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात वाचता येते, कागदाची सळसळ नाही. पण घ्यायचाच तर दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारू नका, हे विचारा: यूएसबीतून बाहेरचा माइक चालतो का? माइक लावल्यावर हेडफोन कुठे लावायचा? आपला माइक बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. स्टोरेजचा बाऊ करू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ८.६४ एमबी, तासाला अर्ध्या जीबीच्या जवळपास. ६४ जीबीच्या टॅबमध्ये निम्मी जागा सिस्टीमने खाल्ली तरी ६० तास बसतात! रेकॉर्ड करताना चार्जर काढा आणि एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण आणि ऐन रंगात आलेला मामांचा फोन दोन्ही रेकॉर्ड होतील.

आणखी एक खास मराठी अडचण. अजूनही कितीतरी स्क्रिप्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप होऊन येतात. टॅबवर उघडल्या की नुसता अक्षरांचा चिवडा. त्यासाठी नवा टॅब घेऊन उपयोग नाही, पाठवणाऱ्याकडे पीडीएफ मागा. आणि एडिटिंगसाठी ऑडेसिटी हे फुकट सॉफ्टवेअर टॅबवर चालत नाही, पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर झकास चालतं.

काही मित्र म्हणतात, "अगं, भारी गॅजेट असलं की क्लायंटवर इम्प्रेशन पडतं." मला हे पटत नाही. क्लायंटला सँपल ऐकू येतं, टॅब दिसत नाही. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासचा आवाज शरद केळकरांचा आहे आणि २०२१ च्या 'पुष्पा'त अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेंचा, दोघेही मराठी कलाकार. केळकरांनी स्वतःच मुलाखतींमधून सांगितलंय की एकेकाळी ते बोलताना अडखळायचे. अडखळणारा माणूस सराव करून तो आवाज कमावतो, तर आपण रोज वीस मिनिटं मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला काय हरकत आहे? माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर ते फारच गरजेचं. "चार" मधला च आणि "चमचा" मधला च वेगळा, "ळ"चा "ल" करायचा नाही, हे कुठल्याही ॲपमध्ये येत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी पुस्तकं घेऊन आली. म्हणजे ऐकणारे आहेत. पण आपलं "काय करायलास?" ऐकलं की बाहेरचे हसतात आणि आपण गप्प होतो. प्रमाण मराठी शिकूच, कामाला ती लागतेच. पण बियाणं, फवारणी, पीक विमा यांची माहिती आपल्या शेतकऱ्याला त्याच्याच लहेजात सांगायची तर तो आवाज कुठून येणार? तो मुंबईच्या स्टुडिओत तयार होत नाही, तो आपल्या घशात आधीच आहे.

आता कॉम्प्युटरही मराठी बोलू लागलाय. केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, खाजगी कंपन्यांचे कृत्रिम आवाजही आले. सपाट सूचना वाचायचं काम हळूहळू मशीनकडे जाणार, हे मान्य करायला हवं. म्हणूनही महागडं गॅजेट उधारीवर घेणं मला धोक्याचं वाटतं. आणि काम घेताना करार वाचा. तुमचा आवाज मशीनला शिकवायला वापरणार का, हे लेखी विचारा. टॅब हरवला तर दुसरा घेता येतो, आवाज एकदा दिला की परत मिळत नाही.

शेवटी एक सूचना, सरांनी आणि स्टुडंट्स कौन्सिलने मनावर घ्यावी अशी. प्रत्येकाने घरी भांडून वेगळा टॅब घेण्यापेक्षा कॉलेजमध्येच एक लहानशी खोली द्या. भिंतींना वाकळा, एक डायनॅमिक माइक, एक हेडफोन आणि लॅबमधून बाद झालेला एखादा कॉम्प्युटर. गॅदरिंगच्या एका रात्रीच्या डीजेत जेवढा खर्च होतो, त्यात हे सगळं बसावं! वर्षभर तिथे सगळ्यांनी बोलून बघावं, ऐकून बघावं. ज्याला खरंच काम मिळू लागेल त्याने त्याच कमाईतून खुशाल टॅब घ्यावा. तोपर्यंत घरातलं सोयाबीन विकायची घाई नको.

काय मित्रहो, पटतंय का?

– तृतीय वर्ष, ईअँडटीसी