कोणती सुवार्ता?



२५ डिसेंबर ह्या तारखेस मावळात दोन ठिकाणी माणसे जमतात. १९५४ साली ह्याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली, म्हणून आपली पावले तिकडे वळतात. त्याच सकाळी लोणावळ्याच्या चर्चमध्ये नाताळची प्रार्थना चाललेली असते. एकाच वस्तीतील, कित्येकदा एकाच आजोबांची नातवंडे त्या दिवशी ह्या दोन वाटांनी जातात. वडगावच्या न्यायालयात वकिली करताना अशा घरांशी माझा संबंध येतो, आणि नवदीक्षित कुटुंबांतून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "वकीलसाहेब, दारी येणारे प्रचारक सुवार्ता ऐका म्हणतात. ती ऐकावी की दार लावून घ्यावे?"

माझे उत्तर असे की, ऐकावी. परंतु प्रथम विचारावे, कोणती? दार लावून घेणे हे बौद्धाचे काम नव्हे. केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा थोर आहे एवढ्यावरून काही मानू नये, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. ती कसोटी लावायची तर कसाला लावायची वस्तू आधी हातात घेतली पाहिजे.

सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान, चांगली बातमी. नव्या करारात ती सांगणारे चार ग्रंथ आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. आम्हा वकिलांच्या दृष्टीने ह्या चार साक्षी होत. चार साक्षीदार अक्षरशः एकच बोलू लागले तर न्यायाधीशाला ते पढवलेले असल्याचा संशय येतो. हे चौघे तसे बोलत नाहीत. मार्काचा ग्रंथ बहुतेक विद्वान सर्वांत जुना, सुमारे इ. स. ७० चा मानतात. त्यात येशूच्या जन्माची कथाच नाही, आणि अतिप्राचीन हस्तलिखितांत तो रिकाम्या कबरीपासून भिऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी एकाएकी थांबतो. लूक गरिबांना धन्य म्हणतो. मत्तय त्याच जागी आत्म्याने गरीब असलेल्यांना धन्य म्हणतो. फरक लहान दिसतो, पण ज्याच्या चुलीत सरपण नाही त्याला तो चटकन कळेल. लूक एवढ्यावर थांबत नाही, पाठोपाठ श्रीमंतांना हाय हाय म्हणतो. मत्तयात त्या जागी हे नाही. लूकच्याच ग्रंथात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचे लेखन उघडून गरिबांना शुभवर्तमान, बंदिवानांना सुटका आणि पीडितांना मुक्ती हे आपले कार्य म्हणून सांगतो. योहानाचा सूर आणखी निराळा. तेथे भर आहे तो माणसाने नव्याने जन्म घेण्यावर आणि पुत्रावर विश्वास ठेवून सार्वकालिक जीवन मिळवण्यावर.

ह्या चारही ग्रंथांच्या आधी, इ. स. ५० नंतरच्या दशकात, पौलाची पत्रे लिहिली गेली. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो निराळी सुवार्ता सांगणाऱ्यांचा अत्यंत कडक शब्दांत धिक्कार करतो. म्हणजे हा वाद कोणा परधर्मीय टीकाकाराने उकरून काढलेला नाही. तो त्या धर्माच्या पहिल्या पिढीतलाच आहे. परजातीयांनी ख्रिस्ती होताना सुंता करून यहुदी नियमशास्त्र पाळावे की नाही, हा त्याचा मूळ मुद्दा. पण त्याचा भडका उडाला तो अंत्युखिया नगरात, आणि तोही पंगतीवरून! येशूचा पट्टशिष्य पेत्र तेथे परजातीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडील माणसे आली तेव्हा त्यांना भिऊन तो पंगतीतून मागे सरला. त्याचे पाहून इतरही सरले. पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला, आणि हे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असे ठरवले. पंक्तिभेदाचा अर्थ आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, म्हणून हा पौल मला जवळचा वाटतो. मात्र त्याच्याच नावावरील इतर पत्रांत दासांनी धन्यांची आज्ञा पाळावी असेही लिहिले आहे, तेही वाचावे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांनी आपल्या तेथील गुरुजनांशी रोखठोक वाद घातला. १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार मुली व विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, त्यांना अन्न, अक्षरओळख आणि हाताला काम दिले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि ते छापण्याचे काम सदनातील स्त्रियांनी केले. त्याच आवारात १९०५ साली पश्चात्तापाची मोठी लाट उसळली. भाकरीच्या ओढीने आलेल्या मुली आपल्या पापांसाठी रडू लागल्या. एकाच आवारातल्या ह्या दोन सुवार्ता. दुष्काळात टाकून दिलेल्या मुलीचे पाप ते कोणते, हे मला आजवर उमगलेले नाही. तिला घराबाहेर काढणाऱ्यांचे पाप मात्र स्पष्ट दिसते.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचा निबंध त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात छापलेला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाची अधोगती त्याच्या भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली असे धर्मांतरिताला शिकवले जात नाही, ती त्याच्या पापामुळे झाली असे शिकवले जाते, आणि म्हणून ती रचना मोडण्याची त्याची उमेद मावळते. जात चर्चमध्येही शिरली, हा त्यांचा दुसरा आक्षेप. ही टीका योहानाच्या वळणाच्या सुवार्तेला जितकी लागते तितकी नासरेथच्या सभास्थानातील सुवार्तेला लागत नाही, असे माझे मत आहे. आजारपण प्रार्थनेने बरे होते अशी जी तिसरीच सुवार्ता आज वाड्यावस्त्यांवर सांगितली जाते, तिच्याविषयी इतकेच सांगतो की, क्षयाच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

आता कायद्याचा पंक्तिभेद. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने त्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला चुलतभाऊ बाहेरच राहिला. जुनी अवहेलना नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने चालू राहते हे सिद्ध झालेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सूसाई खटल्यात म्हटले. धर्माची ही अट काढून टाकावी, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली. आपल्यापैकी काहींना ती नकोशी वाटते. वाटेकरी वाढतील, असे ते म्हणतात. १९५६ नंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींबाबत हेच दार आपल्यासाठी बंद होते. मिश्र आयोगाच्या शिफारशीला बौद्धांनी उघड पाठिंबा द्यावा, असे मी म्हणतो, आणि तसे निवेदन कोणी आणल्यास त्यावर प्रथम सही माझी असेल.

तोवर घरातील कोणी बाप्तिस्म्याचा विचार करीत असेल तर त्याला जातीच्या दाखल्याची ही स्थिती आधी समजावून सांगा, धमकी म्हणून नव्हे. आणि दारी आलेल्या प्रचारकाला बसायला द्या. नव्या करारातील गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपण वाचलेला असावा. तो फार लांब नाही. मग चहा पुढे ठेवून त्याला विचारा: तुमच्या मंडळीत पंगत एक आहे काय, सोयरिकी कोणाच्या कोणाशी होतात, आणि दफनभूमीत कोणाची जागा कोठे आहे?