ब्रेक बदलले म्हणजे इतिहास बुडाला?

१/४ जुन्या स्पोर्ट्स कारला डिस्क ब्रेक बसवणे हा इतिहासद्रोह, असे शुद्धतावादी म्हणतात. पण जॅग्वारने १९५३ ची ल मां शर्यत डिस्क ब्रेकच्याच बळावर जिंकली. एक्सके १२० ला ड्रम होते. १९५७ च्या एक्सके १५० वर डिस्क आले.

२/४ नाशिकहून मुंबईकडे कसारा घाट उतरताना तापलेला ड्रम प्रसरण पावतो, पेडल खोल जाते. तेथे शुद्धता कोणाला वाचवीत नाही.

३/४ भारताच्या २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांवर बोट ठेवले आहे. ब्रेकचा उल्लेख नाही.

४/४ नव्या सस्पेन्शनसाठी सांगाडा कापणे हा मात्र खरा अपराध. मूळ ड्रम, कमानपाटे जपावेत. बदलाची नोंद ठेवावी. उलटवता येणारा बदल इतिहास पुसत नाही.