ठोके देणारी गाठ

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावात एखाद्या तरुणाच्या जांघेत गाठ आली, ताप भरला, की घरची मंडळी गळू समजून पोटीस बांधतात. ते फुटले नाही तर कोणा ओळखीच्या माणसाकडून चिरा देववितात. बहुधा ते गळूच असते आणि मुलगा बरा होतो. परंतु तो तरुण शिरेतून नशा टोचणारा असेल, तर तोच चिरा त्याचे प्राण घेऊ शकतो.

हाताच्या शिरा टोचून टोचून निकामी झाल्या की व्यसनी माणूस जांघेकडे वळतो. तेथे शिरेला लागूनच मांडीची मोठी धमनी आहे. सुई चुकून धमनीत शिरते, तिच्यासोबत जंतू जातात, धमनीची भिंत कुजू लागते आणि निसटलेल्या रक्ताची पिशवी मांसात तयार होते. बाहेरून ती लाल, तापलेली, दुखरी, हुबेहूब गळवासारखी दिसते. हात ठेवल्यास पुष्कळदा नाडीचे ठोके लागतात, पण आत रक्त गोठले असेल तर तेही लागत नाहीत. म्हणून अशा रुग्णाच्या जांघेतील गाठ सोनोग्राफीवाचून चिरू नये. अशा जंतुदूषित फुगवट्यांना विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली बुरशीवरून नाव दिले. दोष बहुधा जीवाणूंचा असतो, नाव मात्र आजतागायत तेच राहिले आहे.

सुश्रुताचार्यांनी शिरांपासून उद्भवणारी ग्रंथी वेगळी सांगितली आणि ती मर्मस्थानी असल्यास तिला हात लावू नये असे बजावले. अपक्व सूज अज्ञानाने चिरणाऱ्या वैद्याची तर त्यांनी कठोर निर्भर्त्सना केली. सुश्रुताचा अभिमान आपण व्यासपीठावरून पुष्कळ मिरवतो. हा सावधपणा मात्र उचलत नाही.

हे सारे पंजाबात किंवा मणिपुरात घडते, आपल्याकडे नाही, अशी सुखद समजूत अनेक घरांत आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात सुईने नशा करणाऱ्यांची देशातील संख्या सुमारे साडेआठ लाख मांडली होती. ही नशा केवळ गर्दची नसते. पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही वेदनाशामक औषधेही टोचली जातात. मार्च २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध दुकानदारावर बंधनकारक आहे. ती नोंदवही उघडून पाहण्याचा आग्रह गावोगावी कोण धरतो?

खरा घात करते ती लज्जा. डॉक्टर विचारतात, "इंजेक्शन घेतोस का?" शेजारी आई बसलेली असते, मुलगा मान हलवतो, नाही म्हणतो. घराण्याचे नाव राखले जाते आणि निदान चुकते. धमनी बांधून, कुजलेला भाग काढून पुष्कळांचे प्राण वाचतात, पायही वाचतो. उशीर झाल्यास मात्र पाय गमवावा लागतो. ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी होत नाही, आणि फुटलेली धमनी नांदेडपर्यंतच्या प्रवासाची वाट पाहत नाही.

संघस्थानावर येणे अचानक थांबवलेला, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालणारा, लंगडत चालणारा तरुण कार्यकर्त्यांच्या नजरेस पडतोच. त्याच्या घरी उपदेश घेऊन जाऊ नये. त्याला दवाखान्यात न्यावे, आईवडिलांना क्षणभर बाहेर बसवावे आणि डॉक्टरांना खरे सांगू द्यावे. गाठ फुटलीच तर स्वच्छ कापडाने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय येईपर्यंत हात काढू नये. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे, आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले पुण्याचे मुक्तांगणही आहे.