घोरण्यावरचे यंत्र, पण कुणाकडून?

गेल्या संक्रांतीची गोष्ट. पहाडगंजला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होते म्हणून दुपारी साडेतीनला नोएडाहून निघालो. डीएनडीच्या रस्त्यावर गाडी हळूहळू उजवीकडे सरकू लागली. मला वाटले, हे कोणाला तरी ओलांडताहेत. पण पुढे कोणीच नव्हते. "अहो!" म्हणून मी ओरडले तसे ह्यांनी दचकून डोळे उघडले नि गाडी सावरली. दोन मिनिटे कोणीच बोलले नाही. मग हे म्हणाले, "डुलकी लागली वाटतं." रात्री आठ तास झोपलेल्या माणसाला भर दुपारी, चालत्या गाडीत डुलकी!

ह्यांच्या घोरण्याची आमच्या घरात वर्षानुवर्षे चेष्टाच होत आली. बाबांच्या खोलीत रोज रात्री राजधानी एक्सप्रेस येते, असे धाकटा म्हणायचा. मीही हसायची. पण एक गोष्ट मी कोणाला बोलले नव्हते. मध्यरात्री ते घोरणे एकाएकी थांबायचे आणि मी अंधारात मनातल्या मनात आकडे मोजत पडायची. दहा, पंधरा, कधी पंचवीस. मग घुसमटल्यासारखा आवाज व्हायचा आणि श्वास परत सुरू. तो सुरू झाला की मी कूस बदलायची. डॉक्टरकडे जायचे मात्र सुचले नाही. घोरणे हा काय आजार आहे?

आहे. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो. सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही. रात्रभराच्या तपासणीत ह्यांचा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा अडखळत असल्याचे निघाले. तासाला ५ पर्यंत ठीक, ३० च्या वर गंभीर. रक्तदाबाची गोळी दोनदा वाढवूनही तो का आटोक्यात येत नव्हता, हेही तेव्हाच कळले. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरच्या पाहण्या एकत्र करून अंदाज मांडला की, भारतात कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा त्रास असावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हेच नाव होते.

उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. डब्याएवढे यंत्र उशाशी ठेवायचे, त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची आणि हवेच्या हलक्या दाबाने रात्रभर घसा उघडा ठेवायचा. डॉक्टरांनी हे छान समजावून सांगितले. केबिनबाहेर आलो तर टाय लावलेला एक तरुण आमचीच वाट पाहत उभा! आमचा रिपोर्ट त्याच्या आधीच पाहण्यात आला होता. "मॅडम, आज बुक कर दीजिए, कल मशीन घर पर।" किंमत विचारली तर त्याने डब्यावरची छापील किंमत दाखवली आणि तिच्यातून जवळजवळ निम्मी एका दमात कमी केली. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण पुलावरची ती दुपार डोळ्यांसमोर होती. विकत नाही, तरी महिनाभर भाड्याने म्हणून आम्ही त्याच्याकडूनच यंत्र घेतले.

पहिल्या रात्री हे दीड वाजता मास्क ओढून उठून बसले. दुसऱ्या रात्री बारालाच. तोंडासकट नाक झाकणारा तो मोठा मास्क बाजूने फुसफुसत होता, हवा थेट डोळ्यांत जात होती, आणि ती थांबावी म्हणून पट्टे आवळले तर सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ. दुकानात फोन केला तर म्हणाले, "आदत पड़ जाएगी।" तिसऱ्या फोनला "कंपनी से बात कीजिए", आणि चौथा कोणी उचललाच नाही. अकरा रात्री असे चालले. बाराव्या दिवशी ह्यांनी यंत्र कपाटावर टाकले. "नको मला ही सोंड. घोरलो तर घोरलो!"

हे किती जणांचे होत असेल! पैसे जातात ते जातात, पण माणसाची खात्री पटते की हा उपाय आपल्यासाठी नाही. मग आजार तसाच राहतो.

आमच्या नशिबाने पश्चिम विहारचे एक काका घरी आले. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, नऊ वर्षे रोज सीपॅप लावून झोपतात. कपाटावरचे यंत्र पाहून म्हणाले, "अगं, यंत्र कुठल्या कंपनीचं हे सगळे विचारतात. रात्री मास्क गळला तर सकाळी घरी कोण येणार, हे विचारलंस का?"

"नाही हो, काका. ते डॉक्टरांकडचेच होते, म्हणून..."

"डॉक्टरांकडचे नव्हते, डॉक्टरांच्या दाराबाहेरचे होते." काका हसले. "चिठ्ठी डॉक्टरची घ्यायची, दुकान आपण शोधायचं. चिठ्ठीवर दाब किती, मास्क कुठला, हे लिहून मागायचं. आणि आण बघू ते यंत्र खाली."

काकांनी यंत्राच्या पडद्यावरची बटणे दाबून एक आकडा काढला. यंत्र आजवर किती तास चालले, हे त्यात दिसते. आमच्या 'नव्यासारख्या' यंत्राचे सहा हजारांवर तास झाले होते! रात्री सात तास धरले तर दोन वर्षांहून अधिक काळ ते दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी होते. भाड्याचे यंत्र वापरलेले असणारच, त्यात गैर काही नाही. पण तेच यंत्र महिन्याने आम्हाला 'नवे' म्हणून विकायचा बेत होता. म्हणून विकत घेताना डबा आपल्यासमोर उघडावा, यंत्र सुरू करून तासांचा आकडा पाहावा आणि यंत्रावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. खाली आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेले लेबल आहे ना, हेही पाहावे. सप्टेंबर २०२२ च्या नियमांपासून वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्याला एमडी-४२ नावाचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. औषधाच्या दुकानात परवाना टांगलेला असतो, तसेच हे. मागितले तर रागावणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावे.

जुने यंत्र स्वस्तात घेण्याचा मोह दिल्लीत जरा जास्तच होतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये इथे प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली, तेव्हा अशी यंत्रे कितीतरी घरांत आली आणि नंतर पडून राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातली आपली लाखो यंत्रे परत मागवली. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची भीती होती. ती यंत्रे २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली होती. तेव्हा 'एकदाच वापरलंय, वहिनी' म्हणून कोणी ओळखीचा काही देऊ लागला, तर बनवल्याची तारीख आणि मॉडेल पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. ओळख आपल्या जागी, फुप्फुसे आपल्या जागी.

दुसऱ्या खेपेला मी फोनवर चार दुकाने केली. दिल्लीत चांदनी चौकातले भागीरथ पॅलेस हा औषधे आणि उपकरणांचा मोठा घाऊक बाजार. तिथे किंमत खाली येते, पण नोएडाला माणूस पाठवायचे नाव काढले की ते गप्प. एम्सजवळ युसुफ सरायच्या बाजूलाही दुकाने आहेत. मी सगळ्यांना एकच प्रश्न केला, "मास्क बसला नाही तर बदलून द्याल का, आणि किती दिवसांत?" दोघांनी "खुला मास्क वापस नहीं होता" म्हणून फोन ठेवला. तिसऱ्याने यंत्राची पाच वर्षांची हमी सांगितली, मास्कची नाही. चौथा म्हणाला, "पेशंट को ले आइए, लिटाके देखेंगे।"

झोपवून पाहणार! हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पहिल्या दुकानाने मास्क बसवला होता तो ह्यांना खुर्चीत बसवून. माणूस आडवा झाला, कुशीवर वळला की गाल सरकतात, जबडा सुटतो आणि बसताना नीट वाटलेला मास्क गळू लागतो. त्या दुकानात मागे एक साधी कॉट होती. तिथल्या माणसाने ह्यांना आडवे केले, नाकाचे माप घेतले, यंत्र डॉक्टरांनी लिहिलेल्या दाबावर चालू केले आणि एकामागून एक तीन मास्क लावून कुशी बदलायला लावल्या. ह्यांना मिशा आहेत, शिवाय नाक मोकळे असते, तोंडाने श्वास घ्यावा लागत नाही. तो मोठा मास्क मुळात लागतच नव्हता. नाकपुड्यांखाली टेकणारा लहानसा मास्क बसला आणि हे त्या कॉटवरच दहा मिनिटे झोपले. मी खुर्चीवर बसून मोजत होते. श्वास थांबला नाही.

मास्क हे पहिल्यापासूनच अवघड प्रकरण. १९८० मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय पहिल्यांदा माणसावर केला, तेव्हा हवा सोडायला व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीची मोटर होती आणि सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रात्री चेहऱ्यावर चिकटवावे लागत. मोटर कधीच सुधारली. चेहरे मात्र अजून वेगवेगळेच आहेत.

दुकानदाराची पारख आणखी एका ठिकाणी होते. साधे सीपॅप पुरत असताना तो बायपॅप घ्यायला सांगतो का? बायपॅप महाग असते आणि ते काही ठरावीक रुग्णांनाच लागते. ते डॉक्टरांनी लिहिले असेल तरच. तसेच, "थोडा प्रेशर बढ़ा देते हैं" म्हणून स्वतःच दाब फिरवणारा माणूस नको. दाब बदलायचा तो डॉक्टरांना विचारून. यंत्राने रात्रीची नोंद ठेवली पाहिजे, म्हणजे किती तास लावले, हवा किती गळली आणि तासाला श्वास किती वेळा अडखळला. काही स्वस्त यंत्रे फक्त तास दाखवतात. तेवढ्याने डॉक्टरांचे काही भागत नाही. आमच्या दुकानदाराने पंधरा दिवसांनी ही नोंद काढून डॉक्टरांकडे पाठवली, तेव्हा ३८ चा आकडा ४ वर आलेला होता.

आम्ही आधी तीन आठवडे भाड्याने वापरून मगच यंत्र घेतले आणि भाड्यातली काही रक्कम किमतीत वळती करून घेतली. हे आधीच लिहून घ्यावे. किंमत लाखाच्या घरातही जाऊ शकते आणि बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी घरी वापरायच्या या यंत्राचे पैसे देत नाहीत. सीजीएचएसवाल्यांना मर्यादेपर्यंत परतावा मिळतो, पण काका बजावतात, "आधी मंजुरी, मग खरेदी. उलट केलंस तर कागदं घेऊन फिरत बसशील."

आपले हे शहर तीन राज्यांत पसरलेले. दुकान दिल्लीत, घर उत्तर प्रदेशात किंवा हरियाणात. फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची, म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आधी १९१५ वर फोन करून पाहावा. अर्थात हातात पक्के बिल हवे. साध्या कागदावर रक्कम लिहून देणाऱ्याविरुद्ध काय दाखवणार?

पहिल्या दुकानाकडे अडकलेले डिपॉझिट बिल नसल्यामुळेच पूर्ण परत मिळाले नाही. ते मी सोडून दिले.

घरी मात्र थोडी कामे वाढतात. मास्कची गादी रोज पुसणे, आठवड्याला नळी साबणाच्या कोमट पाण्यात धुणे, दमट हवेसाठी ठेवलेल्या भांड्यात नळाचे नाही तर डिस्टिल्ड पाणी घालणे. दिल्लीच्या हिवाळ्यात फिल्टरकडे विशेष लक्ष हवे. दिवाळीत घातलेला पांढरा फिल्टर महिन्याभरात काळवंडला. मी तो दुकानातल्या माणसाला दाखवला तर तो म्हणाला, "बहनजी, यह तो दिल्ली है।" आणि पिशवीतून सहा फिल्टर काढून दिले. त्याचा नंबर मी फ्रिजवर लावून ठेवला आहे, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

यंदाच्या संक्रांतीला पुन्हा त्याच रस्त्याने पहाडगंजला गेलो. गाडी हेच चालवत होते. मी पूर्ण वेळ त्यांच्याकडे पाहत बसायचे ठरवले होते, पण पूल कधी गेला ते मला कळलेच नाही. कॅनॉट प्लेसजवळ ह्यांनी मला हलवून जागे केले.